वजन ‘नॉर्मल’, तरी पाळी गायब

लग्न ठरलं म्हणून किंवा नुसतंच मनावर घेऊन चार महिन्यांत आठ-दहा किलो उतरवलेल्या मुलीची पाळी थांबली, की घरात हमखास ऐकू येतं, ‘तू काही हडकुळी नाहीस, वजनामुळे कशी जाईल पाळी?’ बीएमआय २१ निघाला की सगळेच निर्धास्त. हा समज इतका चिवट का, तर एके काळी त्याला शास्त्राचंही पाठबळ होतं. १९७४ साली रोझ फ्रिश आणि जॅनेट मॅकआर्थर यांनी मांडलं, की पाळी टिकायला शरीरात साधारण २२ टक्के चरबी हवी. पुढे एकसारखी चरबी असलेल्या खेळाडूंमध्येच एकीची पाळी सुरळीत आणि दुसरीची बंद, असं दिसू लागलं, तेव्हा या सिद्धान्ताला तडे गेले. घरोघरी मात्र तो अजून मुक्कामाला आहे.

पाळीचा लगाम हातात असलेला मेंदूतला हायपोथॅलॅमस वजनकाट्यावरचा आकडा बघत नाही. रोजच्या रोज खाण्यातून किती ऊर्जा आली आणि व्यायामात किती गेली, याचा सुगावा त्याला लेप्टिन, इन्शुलिन अशा संप्रेरकांकडून लागतो. अमेरिकेतल्या ॲन लाउक्स यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नियमित पाळी असलेल्या, व्यायामाची सवय नसलेल्या तरुणींना पाच-पाच दिवस मोजूनमापून खायला दिलं. व्यायामाचा खर्च वजा जाता, चरबी सोडून उरलेल्या वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ३० किलोकॅलरींपेक्षा कमी ऊर्जा मिळाली, तेव्हा पियुषिका ग्रंथीतून ठरावीक अंतराने स्रवणाऱ्या एलएच या संप्रेरकाची लय मंदावली. पाच दिवसांत कुणी हडकुळं होत नसतं. आता हिशेब करा. ५५ किलोच्या मुलीचं चरबीविरहित वजन साधारण ४० किलो धरलं, तर ही मर्यादा १२०० किलोकॅलरींवर येते. तिचा डाएट १२०० चा आणि वर जिममध्ये ४०० खर्च, म्हणजे हातात उरले ८००, किलोमागे जेमतेम २०. असं महिनोन् महिने चाललं की अंडं तयार होणं थांबतं, इस्ट्रोजेन घटतं आणि पाळी जाते. वजन तेव्हाही तक्त्यात ‘योग्य’ रकान्यातच असू शकतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘माझ्या मैत्रिणीनं हेच केलं, तिला काही झालं नाही.’ नसेल झालं. ३० हा आकडा म्हणजे लक्ष्मणरेषा नव्हे. अशी एकच रेषा सगळ्यांना लागू पडत नाही, हे नंतरच्या अभ्यासांनी दाखवलंच आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: पीसीओडी या बीजकोशांच्या विकारात तर डॉक्टरच वजन कमी करायला सांगतात! सांगतात, आणि बरोबरच सांगतात. वजन जास्त असलेल्या पीसीओडीच्या रुग्णांमध्ये पाच-दहा टक्के घट झाली तरी अनेकींची पाळी सुधारते. पण तो सल्ला त्यांच्यासाठी आहे. मुळात बेताचं वजन असलेल्या मुलीनं तो उचलायचा, पाळी गेली की त्यालाही पीसीओडीच म्हणायचं, आणि मग उपाय म्हणून आणखी कमी खायचं, याला काय म्हणावं?

ताणानंही पाळी बिघडते, पण त्याचं नाव काढलं की ‘हे मनाचे खेळ’ म्हणून उडवून लावतात. माकडिणींवरच्या एका प्रयोगात नुसती जागा बदलून ताण दिला किंवा नुसतं खाणं थोडं घटवून व्यायाम वाढवला, तेव्हा फार थोड्यांचं चक्र बिघडलं. दोन्ही एकदम केलं तेव्हा मात्र बहुतेकींचं. परीक्षा, वसतिगृह आणि डाएट एकाच वर्षी आलेल्या मुलींकडे या नजरेनं पाहायला हवं. २००३ मध्येच सारा बर्गा यांच्या गटानं अशी पाळी गेलेल्या १६ स्त्रियांचा अभ्यास केला. विचार-वर्तन उपचारपद्धतीनं समुपदेशन मिळालेल्या आठपैकी सात जणींचं बीजकोशाचं काम पुन्हा सुरू झाल्याची चिन्हं दिसली, नुसत्या देखरेखीखाली ठेवलेल्या आठपैकी दोघींचं. अभ्यास छोटा आहे, पण ‘मनाचे खेळ’ म्हणणाऱ्यांना पुरेसा आहे.

बाकीचे समज लवकर निपटतात. पाळी न आल्यानं ‘घाण’ साचत नाही. इस्ट्रोजेन कमी असल्यानं गर्भाशयाचं अस्तरच वाढलेलं नसतं. पाळी नाही म्हणजे दिवस राहणार नाहीत, हेही खोटं. परतणाऱ्या पाळीच्या आधी अंडं सुटलेलं असू शकतं. गर्भनिरोधक गोळ्यांवर महिन्याला होणारा रक्तस्राव म्हणजे पाळी सुधारणं नव्हे. केवळ पाळी आणण्यासाठी किंवा हाडं भक्कम करण्यासाठी त्या देऊ नयेत, असं एंडोक्राइन सोसायटी या संप्रेरकतज्ज्ञांच्या संघटनेची २०१७ ची मार्गदर्शक सूचना सांगते, कारण गोळ्या घेऊनही हाडांची घनता घटत राहू शकते आणि स्वतःची पाळी परतली की नाही, हे गोळीमुळे झाकलं जातं. त्याच सूचनेनुसार तीन महिने पाळी आली नाही, किंवा चक्र वारंवार ४५ दिवसांच्या पुढे जात असेल, तर तपासणी करावी. पहिली चाचणी गरोदरपणाची. मग थायरॉइड, प्रोलॅक्टिन वगैरे. आणि गेल्या वर्षभरात किती किलो उतरवले, दिवसभरात काय खाल्लं जातं, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगावं.