गाडीची लांबी, घाटाची रुंदी

अमेरिकेत मामांनी भाड्याने घेतलेली गाडी म्हणजे चाकांवरचे बिऱ्हाडच! माँटानाच्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातला 'गोइंग-टू-द-सन' रस्ता पाहायची आजीची फार इच्छा. निघण्याआधी मी टेप लावला; लांबी २४ फूट! १९३३ साली खुल्या झालेल्या या रस्त्याच्या मधल्या घाटात २१ फुटांहून लांब वा ८ फुटांहून रुंद गाडीला मज्जाव आहे. लांबी बंपरांसह, रुंदी आरशांसह मोजायची. भाड्याच्या कागदात आरसे धरलेलेच नव्हते. शिवाय खिंडीतून पश्चिमेला उतरताना दहा फुटांहून उंच गाडीला कड्याचे खडक आडवे येतात. मामा हिरमुसले. शेवटी बिऱ्हाड खालच्या तळावर ठेवून लाल बसने ६,६४६ फुटांवरची लोगन खिंड गाठली. भर जुलैत आजीने बर्फाला हात लावला.