विश्लेषण : लहान मुलांच्या मुतखड्यावर दुर्बिणीतून उपचार कसे होतात?

मुतखडा हा मोठ्या माणसांचा आजार, असा समज आहे. प्रत्यक्षात दोन-तीन वर्षांच्या मुलांनाही तो होतो. पूर्वी त्यासाठी मोठा छेद देऊन शस्त्रक्रिया करावी लागे. आता बहुतेक मुलांमध्ये ती टाळता येते.

लहान मुलांना मुतखडा का होतो?

लघवीत कॅल्शियम किंवा ऑक्झलेट वाढणे, सायट्रेट कमी असणे, सिस्टिन्युरियासारखे आनुवंशिक दोष, मूत्रमार्गाच्या रचनेतील जन्मजात दोष आणि वारंवार होणारा जंतुसंसर्ग ही प्रमुख कारणे. कमी पाणी पिण्याने त्यात भर पडते.

लक्षणे कोणती?

लहान मूल कंबरेतून कळ येते असे सांगू शकत नाही. पोटदुखी, उलट्या, लघवी करताना रडणे, लाल लघवी किंवा वारंवार ताप एवढेच दिसते. पहिली तपासणी सोनोग्राफीची.

प्रत्येक खडा काढावा लागतो का?

नाही. तीन-चार मिलिमीटरचे खडे अनेकदा आपोआप पडतात. काही खडे शरीराबाहेरून शॉकवेव्ह देऊन फोडता येतात. मात्र अडलेल्या लघवीसोबत ताप असेल, तर ती तातडीची स्थिती असते. तेव्हा आधी लघवीला वाट करून दिली जाते. खडा नंतर काढतात.

दुर्बिणीतून नेमके काय करतात?

खडा मूत्रवाहिनीत असेल तर लघवीच्या नैसर्गिक मार्गाने, कुठेही छेद न देता, साधारण दीड ते अडीच मिलिमीटर जाडीची दुर्बीण आत नेतात आणि लेझरने खड्याचा चुरा करतात. खडा मूत्रपिंडात असल्यास वाकणारी दुर्बीण वापरतात (आरआयआरएस). दोन सेंटिमीटरपेक्षा मोठ्या खड्यासाठी पाठीतून छोटे छिद्र पाडून तो काढतात (पीसीएनएल). मुलांसाठी या शस्त्रक्रियेची बारीक उपकरणे आहेत.

मोठ्यांपेक्षा वेगळे काय?

मुलांची मूत्रवाहिनी अरुंद असते. दुर्बीण सहज जात नसेल तर जोर लावत नाहीत. इजा होऊन वाहिनी कायमची आकसू शकते. अशा वेळी स्टेंट ठेवून एक-दोन आठवडे थांबतात. वाहिनी सैलावली की दुर्बीण पुन्हा नेतात. त्यामुळे मुलाला एकापेक्षा जास्त वेळा भूल द्यावी लागू शकते, हे पालकांनी आधीच समजून घ्यावे. लहान शरीर लवकर थंड पडते, म्हणून आत सोडायचे सलाइनही कोमट ठेवतात.

स्टेंट विसरला तर?

स्टेंट बाहेरून दिसत नाही आणि मूल खेळू लागले की विसरला जातो. महिनोन् महिने आत राहिल्यास त्यावरच खडे जमतात. काढण्याची तारीख घरी जाण्यापूर्वीच लिहून घ्यावी.

खडा पुन्हा होऊ नये म्हणून काय करावे?

काढलेला खडा तपासणीसाठी पाठवावा. लघवीची 24 तासांची तपासणी आणि रक्ततपासणी यांतून मूळ कारण कळते. पाणी भरपूर द्यावे. वेफर्स, फरसाण, पापड, लोणची यांतून जाणारे मीठ कमी करावे. कॅल्शियमच्या धास्तीने दूध मात्र परस्पर बंद करू नये. आहारातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते, शिवाय वाढत्या हाडांना ते लागतेच. खडा निघाला तरी कारण शरीरात राहू शकते. म्हणून मूल ठणठणीत दिसत असले तरी डॉक्टरांनी सांगितलेली पुढची सोनोग्राफी चुकवू नये.