दुपट्ट्याने विष अडत नाही

भाद्रपदात कोरपना, राजुरा, वरोऱ्याकडे कपाशीची पऱ्हाटी कंबरेच्या वर जाते आणि फवारणीला जोर चढतो. त्याच दिवसांत सिंदेवाही, ब्रह्मपुरी, आरमोरीच्या बांध्यांमध्ये धानावरच्या तुडतुड्यांसाठी औषध मारणं चालू असतं. दोन्हीकडे फवारणाऱ्याचा अवतार सारखाच. पाठीवर पंप, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, अनवाणी पाय आणि नाकातोंडावर करकचून बांधलेला दुपट्टा. धुऱ्यावरून मालक सांगतो, "जपून मार रे बाबू." कशापासून जपायचं ते सांगत नाही. बहुतेकदा त्यालाही ते कोणी सांगितलेलं नसतं.

वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. 2017 च्या पावसाळ्यात तिथे फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना दवाखान्यात भरती व्हावं लागलं. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले वॉर्ड भरून गेले. सरकारने विशेष तपास पथक नेमलं आणि काही जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. चर्चा मात्र लवकरच एका वाक्यावर येऊन थांबली: मजुरांनी मास्क लावला नव्हता, हातमोजे घातले नव्हते. म्हणजे मेलेल्याचाच निष्काळजीपणा. या विषयातला सर्वांत मोठा गैरसमज हाच आहे आणि बाकीचे त्याच्या आडोशाने वाढतात.

आधी दुपट्ट्याचंच घेऊ. नाक झाकलं की विष आत जात नाही, असं सगळेच धरून चालतात. प्रत्यक्षात फवारणाऱ्याच्या अंगात विष जातं ते मुख्यतः कातडीतून. पंपाचं झाकण सैल असेल तर द्रावण पाठीवरून ओघळत कमरेखाली उतरतं. जांघेची, कपाळाची आणि डोक्याची कातडी हाताच्या कातडीपेक्षा कितीतरी पटींनी जास्त विष शोषते. वर घामाने भिजलेलं अंग आणि तापलेलं ऊन असेल तर शोषण आणखी वाढतं. यवतमाळमध्ये त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याला लागली होती. नळी वर धरून मारलेलं औषध मारणाऱ्याच्याच तोंडावर पडत होतं. अशा वेळी भिजलेला दुपट्टा विष अडवत नाही, उलट ते नाकाशी धरून ठेवतो. दुकानातला कागदी मास्कही धुळीपुरताच. वाफेसाठी कार्बनचं फिल्टर असलेला मास्क लागतो, आणि तो लावून सप्टेंबरच्या उकाड्यात भर दुपारी चार तास चालणं किती जमेल, हे उपदेश करणाऱ्यांनी एकदा करून बघावं. सकाळी लवकर फवारणं, वाऱ्याच्या विरुद्ध न फवारणं, गळका पंप खाली ठेवणं आणि काम संपताच साबणाने आंघोळ करणं हे त्यापेक्षा जास्त जमण्यासारखं आहे.

सगळ्यात धोक्याची वेळ तर फवारणी सुरू होण्याआधीच येते. बाटलीतलं मूळ औषध बादलीत ओतून हाताने ढवळलं जातं, तेव्हा ते पाण्याने पातळ झालेलं नसतं. हातमोजे घालायचेच तर तिथे आधी. त्यात 'दोनतीन औषधं मिसळली की अळी लवकर मरते' असं म्हणत कृषी केंद्रातून मिळेल ते एकत्र केलं जातं. या खिचडीचा माणसावर काय परिणाम होतो, हे कुठल्याच बाटलीवर लिहिलेलं नसतं.

बाटलीवर चौकोनात एक रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. 'हिरवा आहे, काही होत नाही' हे वाक्य धुऱ्याधुऱ्यावर ऐकू येतं. तो रंग प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना मारायला एकाच वेळी किती मात्रा लागते, एवढंच सांगतो. वर्षानुवर्षं थोडं थोडं अंगात गेलं तर काय होईल, हे त्यात नाही. आणि बाजारात मिळतं म्हणजे चालतं, हेही खरं नाही. मोनोक्रोटोफॉसला भाजीपाल्यावर 2005 पासूनच मनाई होती, तरी 2017 मध्ये ते कपाशीसाठी राजरोस विकलं जात होतं. त्याच्या 36 टक्के द्रावणावर बंदीचा आदेश निघाला तो 2023 मध्ये.

बाटलीसोबतचं माहितीपत्रक प्रादेशिक भाषेतही असावं असा नियम आहे. अक्षरं मुंगीएवढी असली तरी ते असतं. पण एटापल्ली-भामरागडच्या माडिया बोलणाऱ्या मजुराला ते मराठी पत्रकही परकंच. त्याला वाचून आणि समजावून कोणीतरी सांगावंच लागतं.

चक्कर आली, मळमळलं की घरचे उपाय सुरू होतात: दूध, तूप, मिठाचं पाणी पाजून उलटी. हे करू नये. बरीच कीटकनाशकं तेलकट द्रावकात असतात. उलटी काढताना ते फुप्फुसात गेलं तर दुसरंच संकट उभं राहतं, आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालणं जिवावर बेततं. आधी कपडे उतरवावेत, अंग आणि केस साबणाने धुवावेत आणि थेट दवाखाना गाठावा. लाळ गळणं, दरदरून घाम, बुबुळातली बाहुली टाचणीएवढी होणं, स्नायू फडफडणं ही सेंद्रिय फॉस्फरस गटातल्या औषधांची लक्षणं. त्यांवर ॲट्रोपिन आहे. पॅराक्वाट या तणनाशकावर मात्र उतारा नाहीच, आणि त्यात नेहमीच्या सवयीने ऑक्सिजन लावला तर फुप्फुसाचं नुकसान वाढू शकतं. म्हणून डॉक्टरांना औषधाचं नाव कळणं म्हणजे निम्मा उपचार. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, आणि फवारणीचे दिवस तेच असतात. तिथे तर वाया घालवायला वेळच नसतो.

कारखान्याच्या फाटकाआड गैरसमज बदलतात, गोष्ट तीच राहते. 'वास आला की पळू' हा तिथला पहिला. लगद्यासाठी बांबू कॉस्टिक आणि सोडियम सल्फाइडमध्ये शिजवताना, किंवा गटारात आणि बंद टाक्यांत, हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सुरुवातीला त्याला सडक्या अंड्यासारखा घाण वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणून वायू गेला असं समजून माणूस टाकीत उतरतो, त्याला काढायला दुसरा उतरतो. लोहखनिजापासून स्पंज आयर्न करणाऱ्या भट्ट्यांजवळचा कार्बन मोनॉक्साइड तर बिनवासाचाच. पाणी शुद्धीकरणाच्या क्लोरीनचा वास तिखट, पण तो हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असल्याने जमिनीलगत पसरतो. खड्ड्यात किंवा तळघरात लपणारा फसतो. वाऱ्याच्या उलट दिशेने, उंचावर जायचं असतं. धुळीत काम करणाऱ्यांना गूळ देण्याची जुनी रीतही आहे. गूळ पोटात जातो, सिलिकाची धूळ फुप्फुसात. दोघांची गाठ पडत नाही.

'धोक्याची माहिती मागायचे हक्क पर्मनंटवाल्यांचे, आपण ठेकेदाराची माणसं' असं कंत्राटी कामगार स्वतःच म्हणतात, तेव्हा वाईट वाटतं. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर 1987 मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. कोणत्या रसायनात काय धोका आहे हे कामगाराला सांगणं, वैद्यकीय तपासणी करणं आणि तिची नोंद ठेवणं मालकावर बंधनकारक झालं. धोका दिसला तर तो कळवण्याचा हक्क कामगाराला मिळाला. ठेकेदारामार्फत आलेला माणूसही त्या कायद्याच्या व्याख्येत कामगारच होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली आहे आणि माहितीचा हक्क तिच्यातही आहे. प्रत्येक घातक रसायनाचं सुरक्षा माहितीपत्रक कारखान्यात असलंच पाहिजे. ते मागणं म्हणजे मुजोरी नव्हे.

शेतमजूर कारखाना कायद्यात कधीच बसला नाही. पण 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात शेतात कीटकनाशक फवारणाऱ्याचा स्पष्ट उल्लेख होता, हे फार थोड्यांना माहीत होतं. आता तो विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या राज्याच्या योजनेत विषबाधेलाही मदत मिळते, पण ती सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एका माणसाला. रोजाने पंप पाठीवर घेणारा भूमिहीन तिच्या बाहेर राहतो. ही त्रुटी सरकारने दूर करायलाच हवी.

तोवर, ज्यांच्या शेतात उद्या फवारणी आहे त्यांनी एवढं करावं: बाटलीवरचं नाव आणि धोका मजुराला वाचून दाखवावा आणि रिकामी बाटली संध्याकाळपर्यंत फेकू नये. कोणाला त्रास झालाच तर 108 वर फोन करून बाटली रुग्णासोबत पाठवावी. दिल्लीच्या एम्समधल्या विषबाधा माहिती केंद्राचा टोल फ्री क्रमांक 1800 116 117 आहे.