पट्टा दंडावर, मेंदू वर

खांद्याभोवतीच्या कंडरांचा फाटलेला रोटेटर कफ दुर्बिणीतून शिवायचा असला, तर पुष्कळ सर्जन रुग्णाला आडवं ठेवत नाहीत. भूल दिल्यावर टेबलाचा पाठीकडचा भाग उचलतात, गुडघ्यांखाली आधार देतात आणि डोकं खास टेकूत बसवतात. या बैठकीला ‘बीच चेअर’ म्हणतात. १९८०च्या दशकात ती रुळली. सर्जनला ती सोयीची. सांधा नेहमीच्या उभ्या ठेवणीत दिसतो, हात वजन लावून ताणावा लागत नाही, गरज पडलीच तर दुर्बीण बाजूला ठेवून उघडी शस्त्रक्रिया करता येते. भूलतज्ज्ञाला मात्र या खुर्चीत आराम नसतो.

रक्ताला वजन असतं. सुमारे १३ सेंटीमीटर उंचीचा रक्ताचा स्तंभ म्हणजे पाऱ्याचे १० मिलिमीटर. बसवलेल्या रुग्णाचा मेंदू हृदयापेक्षा २५ सेंटीमीटर वर असेल, तर तिथला दाब दंडावर मोजलेल्या दाबापेक्षा जवळजवळ १९ने कमी भरतो. मॉनिटरवर ९०/५५ दिसतं, म्हणजे सरासरी दाब ६७च्या आसपास. भुलेत हा आकडा कुणाला दचकवत नाही. पण मेंदूपाशी उरतात ४८. रक्तदाबाचा पट्टा पोटरीवर बांधलेला असेल, तर फसगत आणखी मोठी.

आपण रोज उठतो-बसतो तेव्हा असं काही होत नाही, कारण मानेतल्या आणि महाधमनीतल्या दाबसंवेदकांना क्षणात खबर लागते. नाडी वाढते, रक्तवाहिन्या आवळतात. भुलेची औषधं नेमकी हीच यंत्रणा सुस्त करतात. त्यात रक्त पायांकडे साचतं आणि कृत्रिम श्वासामुळे हृदयाकडे परतणारं रक्तही घटतं.

दाब थोडा वरखाली झाला तरी मेंदू आपला रक्तपुरवठा स्थिर राखतो. नील्स लासेन यांनी १९५९मध्ये मांडलेल्या प्रसिद्ध आलेखात ही क्षमता सरासरी दाब ६०च्या आसपास येईपर्यंत टिकते. पुढच्या अभ्यासकांना पुष्कळ माणसांत ही पायरी ७०च्या जवळ वाटली. जुना उच्च रक्तदाब असलेल्यांत ती आणखी वर सरकते. साठीतला, बी.पी.ची गोळी घेणारा आणि खांदा फाटलेला माणूस, म्हणजे या शस्त्रक्रियेचा अगदी नेहमीचा रुग्ण, इथेच अडचणीत येऊ शकतो. २००५मध्ये पोल आणि कलन यांनी अशा बैठकीतल्या शस्त्रक्रियेनंतर मेंदू किंवा मज्जारज्जूला इजा झालेले चार रुग्ण नोंदवले, आणि हा हिशेब चर्चेत आला. अशी इजा दुर्मीळ आहे, हेही सांगायला हवं.

मतभेदही आहेत. काहींच्या मते बंद नळीतल्या सायफनप्रमाणे खाली येणारं शिरांतलं रक्त वर चढणाऱ्याला ओढतं, म्हणून उंचीचा हिशेबच नको. पण मानेतल्या शिरा मऊ असतात, बसल्यावर त्या चपट्या होतात. सायफनची कल्पना तिथे फारशी टिकत नाही. जिराफाला विचारा. त्याचा रक्तदाब माणसाच्या साधारण दुप्पट असतो, तो काही हौसेखातर नव्हे.

म्हणून बरेच भूलतज्ज्ञ धमनीत बारीक नळी घालून तिचा मापक कानाच्या छिद्राच्या, म्हणजे साधारण मेंदूच्या पातळीवर धरतात. तेवढी सोय नसेल तर निदान वजाबाकी तरी करावी. कपाळावर लावलेले प्रकाशाचे संवेदक मेंदूतला ऑक्सिजन दाखवतात. २०१०च्या एका अभ्यासात तो घसरण्याच्या घटना बसवलेल्या सुमारे ८० टक्के रुग्णांत दिसल्या, कुशीवर ठेवलेल्यांत एकाही नाही. मात्र प्रत्येक घसरण म्हणजे इजा नव्हे.

भुलेच्या जोडीला मानेच्या बुडाशी ब्लॉक, म्हणजे खांद्याकडे जाणारे मज्जातंतू बधिर करणारं इंजेक्शन, देतात. वेदना छान थांबते, पण शेजारून जाणारा श्वासपटलाचा मज्जातंतूही बधिर होतो. पूर्वीच्या मोठ्या मात्रेत त्या बाजूचं श्वासपटल जवळजवळ प्रत्येक रुग्णात काही तास निजायचं. धडधाकट माणसाला ते जाणवतही नाही; दम्याच्या किंवा फुप्फुसं कमजोर असलेल्या रुग्णाला जाणवतं. सोनोग्राफीने आता मात्रा कमी करता येते. आवाज बसणं, पापणी जराशी उतरणं हे तात्पुरतं असतं, पण आधी सांगितलेलं नसेल तर नातेवाइकांच्या पोटात गोळा येतो. ब्लॉक देऊन जागं बसवलेल्या रुग्णाची नाडी आणि दाब कधी एकाएकी कोसळतात, तेव्हा औषध हाताशी भरलेलं लागतं.

सर्जनला रक्ताने न गढुळलेलं स्वच्छ चित्र हवं, म्हणून ‘बी.पी. जरा खाली घ्या’ ही मागणी ठरलेली. माझ्या मते तो शेवटचा उपाय असावा. आधी सांध्यात पाणी सोडणाऱ्या पंपाचा दाब वाढवून पाहता येतो, त्या पाण्यात थोडं अ‍ॅड्रेनॅलिन घालता येतं. दाब खाली घ्यायचाच ठरला, तर किती, हे कानाच्या पातळीवरच्या आकड्यावरून ठरवावं.