दादरची लोकल, ओसाकाचा बाजार आणि एकच कॅमेरा: देश बदलला की सेटिंग का बदलायचं?

संध्याकाळी दादर स्टेशनवर येणाऱ्या लोकलचा फोटो काढून बघा. डोळ्यांना इंडिकेटरवर 'कल्याण' स्वच्छ दिसतंय, पण फोटोत 'क'चा वरचा अर्धा भाग आणि 'ण'ची नुसती दांडी! बऱ्याच जणांना वाटतं फोनचा कॅमेरा बिघडला. काही बिघडलेलं नसतं. रस्त्यावर फिरून फोटो काढणाऱ्या प्रत्येकाला हा प्रकार कधी ना कधी भेटतोच, आणि परदेशात गेल्यावर तोच वेगळ्या रूपात भेटतो. तर आज हे नीट समजून घेऊया.

आधी इंडिकेटर. त्यातले सगळे एलईडी दिवे एकाच वेळी पेटलेले नसतातच. आतलं सर्किट एकेक ओळ झपाट्याने पेटवत-विझवत जातं. आपला डोळा इतका आळशी आहे की त्याला सगळी पाटी सलग उजळलेली दिसते. कॅमेऱ्याचा शटर मात्र १/१००० सेकंदच उघडा राहिला, तर तेवढ्या वेळात ज्या ओळी पेटल्या तेवढ्याच फोटोत येतात. शटर १/१०० पर्यंत खाली आणलात की बहुतेक पाट्या पूर्ण वाचता येतात.

आता दुसरा भाग. तो जास्त छळतो, कारण तो पाटीपुरता नसून अख्ख्या फोटोवर पसरतो. भारतात घरगुती वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणजे विजेचा प्रवाह सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होतो. प्रत्येक फेरीत त्याचा जोर दोनदा शिखर गाठतो, म्हणून ट्यूबलाइट किंवा साधा एलईडी बल्ब सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतो. चांगल्या ड्रायव्हरच्या एलईडीत हे जवळजवळ नसतं. पण भाजीवाल्याच्या गाडीवर, वडापावच्या स्टॉलवर जो स्वस्त बल्ब टांगलेला असतो, त्याच्याकडून ही अपेक्षा कशी करणार?

फोनचा सेन्सर चित्र एकदम वाचत नाही, वरून खाली ओळ-ओळ वाचतो. समजा पूर्ण वाचायला १/५० सेकंद लागला, तर तेवढ्यात दिवा दोनदा मंद झालेला असतो. शटर खूप वेगवान असेल तर काही ओळींच्या वाट्याला प्रखर उजेड येतो, काहींच्या वाट्याला मंद. फोटोवर आडवे काळपट पट्टे दिसतात ते यामुळे. उपाय सोपा आहे: शटरचा वेळ दिव्याच्या एका पूर्ण लुकलुकीएवढा किंवा तिच्या पूर्ण पटीत ठेवायचा. भारतात १/१०० किंवा १/५०. मग ओळ कधीही वाचायला सुरुवात होऊ दे, तिला एक अख्खी फेरी मिळते आणि सगळ्या ओळींना सारखाच उजेड पडतो.

परदेशात गंमत सुरू होते. युरोप, ब्रिटन, सिंगापूर, थायलंड, ऑस्ट्रेलिया, दुबई ही सगळी आपल्यासारखी ५० हर्ट्झवाली. अमेरिका, कॅनडा, दक्षिण कोरिया, तैवान, सौदी अरेबिया ६० हर्ट्झवाले. तिथे दिवा सेकंदाला १२० वेळा लुकलुकतो, म्हणून शटर १/१२० किंवा १/६० हवा. १/१२० नसेल तर १/१२५ चालून जातं. आणि जपान? तिथे दोन्ही आहेत! एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टोकियोने जर्मनीकडून जनरेटर घेतले आणि ओसाकाने अमेरिकेकडून. त्यामुळे आजही पूर्व जपान ५० वर आणि पश्चिम जपान ६० वर चालतो. सकाळी टोकियोत नीट येणारे फोटो बुलेट ट्रेनने ओसाकाला पोचल्यावर रात्रीच्या बाजारात पट्टेरी येऊ शकतात, आणि त्यात तुमचा दोष शून्य.

फोन ऑटोवर असेल तर तो हे बऱ्यापैकी ओळखून सांभाळून घेतो. प्रो मोडमध्ये मात्र तुम्हीच मालक, तुम्हीच हमाल. आयफोनच्या मूळ कॅमेरा ॲपमध्ये शटरचा वेळ हाताने ठरवता येत नाही, त्यासाठी वेगळं ॲप लागतं. मिररलेस कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर नावाचं सेटिंग शोधा, आणि अशा उजेडात शक्यतो मेकॅनिकल शटर वापरा.

पण १/१०० वर चालणारी माणसं हलून येणार नाहीत का? थोडी येतील. किती, ते मोजता येतं. माणूस ताशी ५ किलोमीटरने चालतो असं धरू, म्हणजे सेकंदाला साधारण १.४ मीटर. १/१०० सेकंदात तो १.४ सेंटीमीटर सरकतो. फोनच्या मुख्य लेन्सने (२४ मिलीमीटर समतुल्य) ३ मीटरवरून आडवा फोटो काढला, तर चौकटीत सुमारे ४.५ मीटर रुंदी येते. फोटो ४००० पिक्सेल रुंद असेल तर हलणं भरतं जेमतेम १२ पिक्सेल. फोनच्या स्क्रीनवर कळणार नाही, मोठी प्रिंट काढली तर कळेल. १/३० वर हेच ४१ पिक्सेल होतं आणि चेहरा पुसल्यासारखा दिसतो. १/२५० वर फक्त ५. म्हणून माझा हिशोब असा: दिवसा उन्हात बिनधास्त १/५०० ठेवायचं, तिथे लुकलुकीचा संबंधच नाही. रात्री दिव्यांखाली १/१००, आणि माणूस क्षणभर थांबेल तेव्हा बटण दाबायचं. चहा ओतणारा, सुटे पैसे मोजणारा, फोनमध्ये डोकं घातलेला, अशी थांबलेली माणसं रस्त्यावर भरपूर असतात.

नाइट मोड इथे टाळाच. तो अनेक फ्रेम एकावर एक रचून उजेड जमवतो. किल्ल्यासाठी, इमारतीसाठी झकास. गर्दीच्या रस्त्यावर मात्र माणसांची भुतं होतात, नाहीतर सॉफ्टवेअर त्यांना चोळून गुळगुळीत करून टाकतं.

आता तो विषय ज्याने आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची झोप कायमची उडवली आहे: टाइमझोन. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये एक्झिफ नावाची माहिती लपलेली असते. त्यात फोटो काढल्याची तारीख-वेळ असते, पण मूळ नोंदीत ही वेळ कुठल्या देशाची हे लिहायला जागाच नव्हती. ती जागा २०१६ मध्ये आलेल्या २.३१ आवृत्तीत मिळाली. आजही अनेक कॅमेरे ती वापरत नाहीत, किंवा वापरली तरी घड्याळ आपल्यालाच बदलावं लागतं.

परिणाम काय? हिवाळ्यात पॅरिस आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. फोन विमानतळावर उतरताच स्वतः वेळ बदलतो, कॅमेरा भारतातच राहतो. रात्री ८ ला कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोवर दुसऱ्या दिवसाची १२:३० ची वेळ पडते. घरी येऊन दोन्हींचे फोटो एकत्र केले की रात्रीचं जेवण दुसऱ्या दिवसाच्या नाश्त्याला चिकटतं. दहा दिवसांचे दोन हजार फोटो हाताने लावत बसायचं म्हणजे शिक्षाच.

यावर एक देशी उपाय आहे. प्रवासाच्या पहिल्या दिवशी कॅमेऱ्याने फोनच्या घड्याळाचा फोटो काढा, सेकंद दिसतील असा. त्या एका फोटोत तुम्हाला नेमका फरक मिळतो, कॅमेऱ्याचं घड्याळ दोन मिनिटं पुढे असेल तर तेसुद्धा. नंतर लाइटरूममध्ये सगळे फोटो निवडून एकदम वेळ सरकवता येते. एक्झिफटूल हे फुकट सॉफ्टवेअर एका कमांडमध्ये हजारो फाइलींतून साडेचार तास वजा करतं. आधी कॉपी काढून ठेवा, हे सांगायला नकोच.

त्याच एक्झिफमध्ये जीपीएसही असतं, आणि इथे प्रकरण गंभीर होतं. डिसेंबर २०१२ मध्ये अँटीव्हायरसवाले जॉन मॅकॅफी बेलीझच्या पोलिसांना टाळत फिरत होते. सोबत असलेल्या व्हाइस मासिकाच्या पत्रकारांनी त्यांचा एक फोटो वेबसाइटवर टाकला. फोटोच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश तसेच राहिले होते, त्यातून ते ग्वाटेमालात आहेत हे जगाला कळलं.

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे फरारी आहोत? पण रस्त्यावरच्या फोटोत धोका आपल्याला नसतो, समोरच्याला असतो. अंगणात खेळणारं मूल, चाळीच्या दारात बसलेली एकटी आजी. फोटोसोबत त्यांच्या घराचा पत्ता काही मीटरच्या अचूकतेने जातो आणि त्यांना त्याचा पत्ताच नसतो. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला तर ही माहिती निघून जाते, पण 'क्वालिटी जाऊ नये' म्हणून डॉक्युमेंट करून पाठवलात तर सगळी तशीच पोचते. ईमेल आणि ड्राइव्हच्या लिंकचंही तेच. आयफोनवर शेअर करताना वरच्या ऑप्शन्समध्ये लोकेशन बंद करता येतं, अँड्रॉइडवर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन टॅग बंद करता येतो. मी स्वतःच्या प्रवासासाठी तो चालू ठेवतो, आणि कुठेही टाकण्याआधी फाइलमधून काढतो.

कायद्याचंही थोडक्यात. जर्मनीत १९०७ च्या कायद्यानुसार ओळखू येणाऱ्या माणसाचा फोटो प्रसिद्ध करायला साधारणपणे त्याची संमती लागते, गर्दीचा भाग म्हणून आलेल्यांना त्यात सूट आहे. न्यूयॉर्कमध्ये उलट: फिलिप-लोर्का डिकॉर्शिया यांनी टाइम्स स्क्वेअरमध्ये नकळत काढलेल्या चेहऱ्यांवरून खटला झाला, आणि २००६ मध्ये न्यायालयाने ती कला मानून तो फेटाळला. आयफेल टॉवरवर आता कॉपीराइट नाही, पण रात्रीच्या त्याच्या रोषणाईवर आहे. घरच्या अल्बमला कोणी अडवत नाही, व्यावसायिक वापराला परवानगी लागते. आपल्याकडे सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या इमारती आणि पुतळ्यांच्या फोटोंना कॉपीराइट कायद्यातच मोकळीक आहे. माणसांच्या बाबतीत मात्र मी कायद्याची वाट बघत नाही. 'काका, एक काढू का?' विचारायला दोन सेकंद लागतात. नाही म्हणाले तर पुढे चालू लागायचं.

जपान आणि दक्षिण कोरियात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये चोरून फोटो काढू नयेत म्हणून शटरचा आवाज सहसा बंदच करता येत नाही, फोन सायलेंटवर असला तरी. जपानमध्ये तर असा कायदाही नाही, कंपन्यांनीच पाळलेला नियम आहे. तिथून येणाऱ्या मित्राला 'माझ्यासाठी एक फोन घेऊन ये' सांगणार असाल, तर तो आवाज भारतात आल्यावर बंद होतो का, हे त्या मॉडेलबद्दल आधी विचारून घ्या.