हिणाचा हिशेब

दसरा आठ दिवसांवर आला की हिंगोलीतल्या आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसे. खेड्यातून आलेली एखादी बाई कमरेचा बटवा सोडून जुनी पुतळी वडिलांपुढे ठेवी. "अण्णा, चोख हाय ना?" अण्णा बोलत नसत. कसोटीच्या काळ्या दगडावर पुतळी घासत, शेजारी टंच माहीत असलेल्या सळईची रेघ ओढत, दोन्हींवर तेजाब सोडत आणि कोणती रेघ किती फिकी पडते ते न्याहाळत. मग म्हणत, "हीण हाय थोडं."

पुढे मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, तेव्हा उमगलं की अण्णा सोनं शोधतच नव्हते. शोधत होते ते हीण.

९१६ शिक्क्याच्या दागिन्यात हजारातले ९१६ भाग सोनं. म्हणजे ११.६६ ग्रॅमच्या तोळ्यात जवळजवळ एक ग्रॅम तांबं, चांदी असं काहीबाही. एवढं हीण दगडालाही दिसतं. पण सोनं ९९.९९ टक्के असेल, तर तोळ्यामागे हीण उरतं मिलिग्रॅमभर. इथं सोनं वेगळं काढून तोलायला गेलं, तर मोजणीतली चूकच हिणाएवढी होऊन बसते. म्हणून प्रयोगशाळा उलटी वाट धरते. चांदी, तांबं, लोखंड, शिसं, पॅलेडियम असा एकेक धातू मोजायचा आणि सगळ्यांची बेरीज शंभरातून वजा करायची. उरेल ती शुद्धता.

त्यासाठी सोन्याचा कण आम्लराजात विरघळवतात. त्या द्रावणाचा फवारा हजारो अंश तापलेल्या आर्गॉनच्या ज्योतीत सोडतात. तिथं अणूंवर विद्युतभार चढतो आणि यंत्र त्यांना वस्तुमानाप्रमाणे वेगळं करून मोजतं. अब्जात एक भाग इतकं बारीकही ते पकडतं. पंचाईत अशी की आम्लातलं, भांड्यातलं, हवेतल्या धुळीतलं लोखंडही ते मोजतं. म्हणून सोनं न घातलेलं कोरं द्रावण आधी तपासायचं आणि त्याचा आकडा वजा करायचा. वसमतच्या बाजारात हळद तोलताना बारदान्याचं वजन कापतात, तसंच हे.

अण्णांच्या सळईसारखी खात्रीची सळई प्रयोगशाळेलाही लागते. भारतात बनलेलं ९९.९९ टक्क्यांच्या सोन्याचं असं पहिलं प्रमाण म्हणजे 'भारतीय निर्देशक द्रव्य ४२०१'. मुंबईची सरकारी टांकसाळ, भाभा अणुसंशोधन केंद्र आणि दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांनी मिळून ते घडवलं.

एवढा काटेकोरपणा कशाला? तांब्यात हजारामागे अर्धा भागही नाही इतका फॉस्फरस राहिला, तरी त्यातून वीज वाहणं ठळकपणे मंदावतं. सोन्याचं तर मी डोळ्यांनी पाहिलंय. एकदा मोडीच्या सोन्याची पट्टी अण्णांच्या हातोडीखाली तडकली. त्यांनी तुकडा उचलला, तुटलेली कड बघितली. "शिसं शिरलंय," म्हणाले आणि तो पुन्हा मुशीत टाकला. शिशाचा किरकोळ अंशही सोन्याला ठिसूळ करतो.

अशा तपासणीच्या अहवालात न सापडलेल्या धातूपुढे शून्य लिहीत नाहीत. 'अमुक इतक्यापेक्षा कमी' असं लिहितात. यंत्राला दिसलं नाही म्हणजे ते नाहीच, असं कसं म्हणणार? त्या बायांना अण्णांकडून 'चोख हाय' कधीच ऐकायला मिळालं नाही. अगदी शंभर नंबरी सोनं समोर आलं, तरी चष्मा कपाळावर सरकवून ते एवढंच म्हणत, "मला तरी हीण दिसत न्हाई, बाई."