१.४५ कोटींचा ‘बाहुबली’ २० लाखांवर का आला?

प्रो कबड्डीतल्या आपल्या पहिल्याच मोसमात, २०१८ मध्ये, चंदगडच्या सिद्धार्थ देसाईने यू मुंबाकडून चढाईत २१८ गुण मिळवले. २०१९ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १.४५ कोटी मोजले. ती त्या वर्षीची सर्वांत मोठी बोली होती. त्याने पुन्हा २१७ गुण आणले, तरी १२ संघांत टायटन्स ११ वे राहिले. कारण एकट्याच्या चढायांवर सामने जिंकता येत नाहीत, पकडीही व्हाव्या लागतात.

पुढच्या मोसमात दुखापतीमुळे तो मोजकेच सामने खेळला. २०२२ मध्ये बोली थेट २० लाखांवर आली.

२०२३ मध्ये हरियाणा स्टीलर्सने त्याला १ कोटीत घेतलं आणि संघ अंतिम फेरीत पोहोचला. लिलावात किंमत मिळते ती मागच्या खेळाची. पुढच्या मोसमाची हमी त्यात नसते.